चालते व्हा!

घरातल्या एका माणसाचा रक्ताचा रिपोर्ट आला की अख्ख्या घराने चालायचं ठरतं. साखर एकाची वाढते, शिक्षा सगळ्यांना. बाबांचं एचबीए१सी सहाच्या वर गेलेलं असतं. डॉक्टर चष्म्यावरून बघत विचारतात, "चालता का?" बाबा म्हणतात, "चालतो की, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत." डॉक्टर औषधाच्याही वर 'रोज चालणे' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारतात. त्या दोन रेघांचा धसका घेऊन रात्री जेवणाच्या टेबलावर ठराव होतो, की उद्यापासून सगळ्यांनी एकत्र चालायला जायचं. उद्यापासून म्हणजे सोमवारपासून. सोमवार म्हणजे एक तारखेनंतरचा. मध्यंतरी व्हॉट्सॲपवर कुटुंबाचा ग्रुप मात्र लगेच निघतो. ओळखीतल्या एका घराने त्या ग्रुपला नाव ठेवलं, 'चालते व्हा'. ग्रुपवर सासूबाईही आहेत. त्यांनी ते वाचून दोन दिवस सुनेशी बोलणं टाकलं होतं.

मराठी घरात कुठल्याही व्यायामाची सुरुवात खरेदीने होते. चालायला काय लागतं? पाय. ते घरात आहेत. तरीही रविवारी सगळे बुटांच्या दुकानात. दुकानातला पोरगा विचारतो, "रनिंग, वॉकिंग की ट्रेनिंग?" बाबा म्हणतात, "टिकाऊ." मुलगी तळपायाच्या कमानीवरची रील बघून आलेली असते, ती त्या पोराची तोंडी परीक्षा घेते. मुलाने उचललेला बूट बाबांच्या पहिल्या पगारापेक्षा महाग निघतो आणि बाबा ते भर दुकानात बोलून दाखवतात. आई स्वतःला सेलमधला घेते, अर्धा नंबर मोठा, "मोजे घातले की बसेल." आजी म्हणतात, "माझ्या चपला बऱ्या आहेत." त्यांना कुणी विचारलेलं नसतं. शिवाय ट्रॅक पँटी. महाराष्ट्रातल्या ट्रॅक पँटींनी जितक्या गाद्या पाहिल्या आहेत, तितके ट्रॅक पाहिलेले नाहीत.

मग घड्याळ. घड्याळ आलं की दहा हजार आलेच.

हे दहा हजार कुणी ठरवले? जागतिक आरोग्य संघटनेने नाही, आपल्या डॉक्टरांनीही नाही. टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक झालं, जपानला व्यायामाचं वारं लागलं आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा आधी खोक्यावर छापला गेला, संशोधन त्याच्या मागून धापा टाकत आलं. त्यातलं एक २०१९ सालचं. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास १७ हजार वयस्कर बायकांची पावलं मोजली, सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी निघालं. फायदा साधारण साडेसात हजारांपर्यंत वाढत गेला आणि मग थांबला. म्हणजे आजींच्या वयाला साडेसात हजारांपुढची सगळी पावलं कंपनीच्या खात्यात.

पण घड्याळाला हे कोण सांगणार? रात्री पावणेदहाला ते थरथरतं. अजून हजारभर बाकी. मग बाबा हॉलमधून बाल्कनीत, बाल्कनीतून हॉलमध्ये. आजी मालिका बघत असतात आणि दर अर्ध्या मिनिटाला नायिकेच्या अश्रूंसमोरून ट्रॅक पँटीतले बाबा जातात. खालच्या मजल्यावरून फोन येतो. मुलाला एव्हाना कळलेलं असतं की नुसता हात हलवला तरी पावलं पडतात. तो आडवा पडून दोन हजार चालतो.

मुलीने एकदा गंमत म्हणून ते घड्याळ घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मनगटावर बांधलं. मावशी वस्तीतून पायी येतात, चार सोसायट्या करतात, लिफ्ट वापरलेली तिथे चालत नाही. दुपारी घड्याळ परत आलं तेव्हा त्यावर बाबांच्या तीन दिवसांचा आकडा होता. बाबांनी ते बिघडलंय म्हणून दुकानात दाखवून आणलं.

आता मुख्य प्रश्न. चालायचं कुठे?

घर कोथरूडला. जवळच वेताळ टेकडी, म्हणजे पुण्याने अजून खाऊन न संपवलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक. पायथा घरापासून दीड-दोन किलोमीटर. सुज्ञ वाचकाच्या मनात येईल की तिथवर चालत गेलं आणि परत आलं तर झालंच की काम! सुज्ञ वाचक अविवाहित असावा. कारण घरातला युक्तिवाद वेगळा असतो. टेकडीपर्यंत चालत गेलं तर तिथे पोचेपर्यंतच दमायला होईल. मग चालणार कधी? म्हणून गाडी काढायची. पुण्यातल्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी रविवारी सकाळी सातला उभं राहून बघा. गाड्यांची दुहेरी रांग, त्यात अडकलेली तिसरी, हॉर्न, आणि प्रत्येक गाडीच्या खिडकीतून येणारं तेच प्रेमळ वाक्य: "तुम्ही सगळे इथे उतरा, मी लावून येतो. एवढं कशाला चालताय?"

चालून झाल्यावर गाडीपाशीच रस. कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर. पेल्यातला रंग जितका भयानक तितका तो गुणकारी, असा एक समज आहे. तो एका घोटात घशाखाली ढकलून कुटुंब मिसळीकडे वळतं. सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चाललं तर सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. मिसळीचा हिशोब मी करत नाही, माझंही गाव पुणंच आहे. आणि महिन्यातून एकदा सिंहगड. आतकरवाडीतून पायवाटेने चढणारे पुण्यात अजून भरपूर आहेत, त्यांना नमस्कार. पण 'फॅमिली फिटनेस'वाले वर गाडीतळापर्यंत गाडीने जातात. तिथून पिठलं-भाकरीपर्यंत चालतात, पिठल्यापासून कांदाभज्यांपर्यंत चालतात, भज्यांपासून मडक्यातल्या दह्यापर्यंत चालतात. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर उभं राहून काढलेला फोटो ग्रुपवर पडतो आणि त्याखाली साताऱ्याच्या आत्या लिहितात, "अभिनंदन! असेच चढत राहा."

माझं म्हणणं सोपं आहे आणि त्याने कुठल्याही बुटाचा खप वाढणार नाही. जिथे काम असतं तिथे आपण गाडीने जातो, आणि जिथे काहीही काम नसतं तिथे मुद्दाम पायी जातो. कोथिंबिरीची जुडी चारशे मीटरवर, तिला स्कूटर. इस्त्रीचे कपडे पुढच्या गल्लीत, त्यांना स्कूटर. दळणाचा डबा दोन पायांच्या मध्ये ठेवून पिठाच्या गिरणीत, अर्थात स्कूटरवर. दिवसातून जी पावलं आपोआप पडत होती ती एकेक करून उपटून टाकायची, आणि मग महिन्याच्या शेवटी तीच पावलं बूट, घड्याळ, पेट्रोल आणि पार्किंगचे पैसे भरून परत विकत आणायची, असा हा व्यवहार आहे. याला व्यायाम म्हणायचं की मुद्दल घालवून व्याज भरणं म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शाळेचं तर विचारूच नका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची रोज सरासरी तासभर तरी चांगली हालचाल व्हावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा पाऊण किलोमीटरवर. मुलाला पायी का पाठवत नाही? "रस्त्यावर किती ट्रॅफिक असतं!" ट्रॅफिक कशाचं असतं? मुलांना शाळेत सोडायला आलेल्या गाड्यांचं. त्या का आल्या? ट्रॅफिक फार असतं म्हणून. शाळेच्या फाटकासमोर रोज सकाळी साडेसातला पालक एकमेकांपासून आपापल्या मुलांचं संरक्षण करत असतात. संध्याकाळी हाच मुलगा फी भरून 'किड्स फिटनेस'च्या क्लासला जातो. तिथे त्याला जागच्या जागी चालायला लावतात. क्लासला सोडायला बाबा, आणायला आई, दोन्ही वेळा गाडी.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. १९५३ साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. विषय दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर. पोशाख एक, बस एक, धूर एक. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वर-खाली. ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त निघाला. मॉरिस एवढ्यावर थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी कंपनीच्या गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मोठ्या. मला या माणसाबद्दल आदर आहे. पोटाचा घेर शिंप्याच्या वहीतून शोधणारा डॉक्टर पुन्हा झाला नाही. ते स्वतः ९९ वर्षं जगले.

यातल्या एकाही कंडक्टरने चालण्याचा संकल्प सोडला नव्हता. त्याने घड्याळ घेतलं नव्हतं, 'आजपासून मी' असं स्टेटस ठेवलं नव्हतं. वरच्या मजल्यावर प्रवासी बसले होते, तिकीट फाडायला हवं होतं, म्हणून तो जिना चढला. आपल्याकडे दुमजली बस बहुतेक ठिकाणी नाहीच, आणि घर चौथ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आली. लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीच्या सात पिढ्या उद्धरल्या जातात. त्यात सर्वात पुढे कोण असतं? जिममध्ये महिन्याला पैसे भरून जिना चढायच्या यंत्रावर चढणारा.

आता 'एकत्र' या भानगडीकडे येऊ. एकत्र चालणारं मराठी कुटुंब तुम्ही लांबूनही ओळखाल, कारण ते एकत्र नसतं. बाबा पुढे, हात पाठीमागे बांधलेले, जणू रस्त्याचं इन्स्पेक्शन चाललंय. आई पंधरा पावलं मागे. ही रचना लग्नातल्या सप्तपदीनंतर एकदा ठरली ती ठरली. मुलगी आईच्या बाजूला, पण फोनवर. मुलगा समोरच्या फुटपाथवर, कानात ती पांढरी बोंडं घालून, या लोकांशी आपलं काहीही नातं नाही असा चेहरा करून. आजी पहिल्या बाकावर. बाबा मधूनच मागे वळून ओरडतात, "अरे, जरा भरभर!" आई म्हणते, "तुम्हीच जरा हळू." हेच संभाषण त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी माथेरानला केलेलं असतं.

व्यायामशास्त्र म्हणतं की चालताना मिनिटाला शंभर पावलं पडली की मध्यम तीव्रतेचा व्यायाम होतो. मोजायची सोपी खूण अशी, की चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. ही कसोटी ज्याने काढली त्याला मराठी घर ठाऊक नसणार. आपल्याकडे एकत्र चालणं म्हणजे पळून न जाता येण्याजोगी सभा. घरात मुलगा दार लावून घेऊ शकतो. टेकडीवर दार नाही. त्यामुळे पहिल्या वळणावर बारावीचे मार्क, दुसऱ्यावर गावच्या जमिनीचा सातबारा, तिसऱ्यावर धाकट्या काकांनी त्या वेळी काय केलं ते. नाडी वाढते, श्वास फुलतो, घाम येतो. घड्याळ खूश होऊन बक्षिसाचं चित्र दाखवतं. गाणं कुणालाच म्हणता येत नाही, हे खरं.

आणि आई.

'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने २०२४ साली जगभरची आकडेवारी छापली. २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, बायकांमध्ये ५७. बाबा ही बातमी जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात. "बघ, बायकाच आळशी निघाल्या." त्या क्षणी आई त्यांची तिसरी पोळी तव्यावरून ताटापर्यंत चालत आणत असते.

सहाला निघायचं तर आई पाचला उठते, कारण डबे तीन आहेत. बाबा पावणेसहाला उठून दारात बूट घालून उभे.

"चल ना, उजाडलं."

"कुकरची एक शिट्टी राहिलीय."

"नंतर कर."

"नंतर कोण करणार?"

या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी बाबा खाली जाऊन गाडीच्या टायरमधली हवा बघतात. टेकडीवरून परत आल्यावर ते घाम पुसत पेपर उघडतात, कारण ते चालून आलेत. आई स्वयंपाकघरात शिरते. ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. आल्याचा चहा सगळ्यांना हवा असतो. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणते, "तुम्ही जा, मला आज कंटाळा आलाय," आणि सगळं घर एकमुखाने म्हणतं, "हिला सातत्यच नाही." कुटुंबाने एकत्र चालायचं असेल तर आधी कुटुंबाने एकत्र भाजी चिरावी. त्याला बूट लागत नाहीत. पण मी असं बोललो की बाबा लोक माझ्याकडे, मी त्यांच्या ताटातला पापड उचलल्यासारखं बघतात.

गाडी सोडून घराबाहेर पडायचं म्हटलं तरी पाऊल ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. आजी रोज मंडईत जातात, त्यांना विचारा. इंडियन रोड्स काँग्रेसने नियम घालून दिलाय, की फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्या भागातला फुटपाथ काही ठिकाणी इतका उंच आहे की त्यावर चढायला आधी शेर्पा बघावा लागेल. आणि वर पोचल्यावर? विजेचा डीपी, त्याला टेकून तीन मोटरसायकली, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, 'भावी' कुणीतरी, उसाचं गुऱ्हाळ, पेव्हर ब्लॉकचा ढीग. हे ब्लॉक दर मार्चमध्ये निघतात आणि तेच दर मार्चमध्ये बसतात. आजी फुटपाथवरून खाली उतरतात आणि रस्त्याच्या कडेने चालतात. मागून येणारा हॉर्न देतो. आजींना वाटतं तो साइड मागतोय. तो म्हणत असतो, फुटपाथवरून चालता येत नाही का?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नीट, अडथळा नसलेले फुटपाथ मिळणं हा पादचाऱ्यांचा हक्क आहे, आणि तो घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो. छान झालं. फुटपाथ घटनेत आला. रस्त्यावर यायचा तेवढा राहिलाय. यात थट्टेला जागा नाही असा एक आकडाही आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर ३२,८२५ पायी चालणारी माणसं मेली. साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर यांतलं काहीही त्यांच्या मृत्यूचं कारण नव्हतं. त्यांतले कितीतरी कुठल्याशा कामाला निघालेले असणार, कोथिंबीर आणायला.

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद होतो, रांगोळ्या, सनई, मुलं रस्त्यावर खेळतात, आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून उगाच इकडेतिकडे बघतात. पोळ्याला बैलाचं जसं असतं ना, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी भरवायची, तसंच. दुसऱ्या दिवशी परत नांगर. तरी मी जातो. वर्षातून एकदा का होईना, पुणेकर दुकानाच्या पाट्या चालताना वाचतो. एरवी या पाट्या वाचल्या जातात सिग्नलला.

वारीचंही तसंच. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, नवराबायको, सुना, नातवंडं, डोक्यावर तुळस. यांच्यातलं कुणीही पावलं मोजत नाही, आणि वाटेत त्यांना कुणी हॉर्नही देत नाही. पालखी शहरात शिरली की पोलीस गाड्या अडवतात, वर्षभर गाडीतून न उतरलेले लोक त्या दिवशी गाडी घरी ठेवून दर्शनाला निघतात आणि संध्याकाळी सांगतात, "आज नकळत नऊ हजार झाले." नकळत झाले, कारण रस्ता मोकळा होता. हे मात्र कुणी पालिकेला सांगत नाही.

राहता राहिली शतपावली. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठाने २०१६ साली टाइप टू मधुमेहाच्या ४१ जणांवर प्रयोग केला. दिवसातून एकदा सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी भरली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. ही बातमी 'चालते व्हा' ग्रुपवर साताऱ्याच्या आत्यांनी टाकली, 'आपले पूर्वज महान शास्त्रज्ञ होते' अशा ओळीसकट. ती ग्रुपवर सगळ्यांनी वाचली, अंगठे दिले आणि पुढे पाठवली. रात्रीचं जेवण झालेलं होतं, सगळे सोफ्यावर होते. आजी मात्र चपला घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन आल्या. त्या ग्रुपवर काही वाचत नाहीत, नाव वाचल्यापासून त्यांनी तो म्यूट केलाय.

माझ्या मते घराने एकत्र चालायचा एवढाच प्रकार जमण्यासारखा आहे. वेग आजींचा, अंतर चौकापर्यंत, पायात चपला, डबे दुसऱ्या दिवशीचे असल्यामुळे आईही मोकळी. अर्थात भांडी तिने घासायची नसतील तर. दहा मिनिटांत जमिनीचा सातबारा निघत नाही, हा आणखी एक फायदा. वाटेत पानवाला किंवा आइस्क्रीमवाला लागतो आणि २२ टक्के तिथे परत जमा होतात, ते धरून चालायचं. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या २०२३ मधल्या पाहणीने सांगितलंय. एवढ्या लोकांना टेकडीच्या पायथ्याशी पार्किंग मिळणं तसंही कठीण आहे.

पण दहा मिनिटांच्या कामासाठी कुणी नारळ फोडत नाही, आणि नगरसेवकाला नारळ फोडायचा असतो. म्हणून प्रत्येक वॉर्डात वॉकिंग ट्रॅक होतो. आमच्याकडेही झालाय. उद्यानाच्या आत लाल मातीची गोल वाट, मापात, एका फेरीला दोनशे मीटर. दारावर पाटी: 'उलट दिशेने चालू नये. पळू नये. बसू नये. गप्पा मारू नयेत.' दुपारी बंद, संध्याकाळी आठला शिट्टी. ट्रॅकपर्यंत पोचायला आधी सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो, झेब्रा पुसलेला, सिग्नल चालू नाही. एकदा जीव मुठीत धरून आत पोचलात की मग काहीच काळजी नाही, हवं तेवढं गोल गोल फिरा.

उद्घाटनाला मोठे पाहुणे होते. 'निरोगी कुटुंब, चालतं कुटुंब' असा फ्लेक्स होता, वर सहकुटुंब फोटो. भाषणं पाऊण तास झाली, सगळी बसून ऐकली. फीत कापल्यावर पाहुण्यांनी ट्रॅकवर फोटोपुरती वीसेक पावलं टाकली आणि परत फिरले, तेही उलट दिशेने. बाहेर त्यांच्या गाड्यांचा ताफा फुटपाथवर लावला होता. आजी मंडईतून पिशवी घेऊन येत होत्या. ताफ्यातल्या एका ड्रायव्हरने त्यांना काच खाली करून सांगितलं, "आजी, इथून जाऊ नका, गाडी निघतीये."